वांगं भाजता का?

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला एकच प्रश्न विचारला. भाडं कधी देणार, कोण येणार-जाणार, घरी किती वाजता येता, यातलं काही नाही. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी मला एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "वांगं भाजता का?"

मी पिशोरची. आमच्याकडं चुलीत निखारे झाले की त्यात वांगं गेलंच म्हणून समजा. मी म्हटलं, "भाजते की. न भाजायला काय झालं?"

काकांचा चेहरा असा झाला, जणू मी वरच्या खोलीत म्हैस बांधणार होते. थोडा विचार करून त्यांनी अटी सांगितल्या. भाजायचं ते गच्चीवर. वारा पश्चिमेचा असला तर गच्चीवरही नाही, कारण त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला. देठ, साल, काहीही खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "पोरी, तू सामान घेऊन ये. वाऱ्याचं काय ते मी बघते."

त्याच आठवड्यात मी सामान घेऊन गेले. शाळेतली नोकरी नवी होती, शहरात ओळखीचं कुणी नव्हतं, आणि असा घरमालक हातचा सोडायचा नाही एवढी अक्कल मला होती.

तेव्हा आम्ही शहराला औरंगाबादच म्हणायचो, पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर पुढं आलं. गारखेड्याच्या पलीकडं शेतं मोडून प्लॉट पडत होते. काकांनी घर बांधलं तेव्हा म्हणे गच्चीवरून ज्वारी दिसायची. मी राहायला गेले तोवर तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या. प्रत्येक इमारतीला स्वतःचं बोअर होतं, आणि ते आपलं पाणी ओढतं अशी शेजारच्या इमारतीची तक्रार होती. त्यात पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवलेली. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, बाकीचे दिवस टँकर. टँकर आला की काका एक लाकडी पट्टी घेऊन शिडीवरून वर चढायचे, पट्टी आत बुडवायचे, ओली खूण बघायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, "चार बोटं कमी आहे."

ड्रायव्हर म्हणायचा, "काका, रस्त्यात खड्डे किती हायेत ते बी मोजा की. तिथंच सांडलं."

काका एकदा खरंच खड्डे मोजून आले होते.

ही मोजायची सवय नोकरीतली. वाळूजच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला पुर्जा त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मापायचे, आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचे. कारखान्यात आणखी एक पद्धत असते. पुर्जा मापात केसभर इकडंतिकडं असला, पण काम भागणार असलं, तर तपासणारा सही करून तो ठेवून घेतो. त्याला तिथं "डेव्हिएशनवर घेतला" म्हणतात. काकांनी आख्ख्या नोकरीत अशी सही केली नाही. वरचे साहेब ओरडले, ट्रक दारात उभे राहिले, पण काका आपले ढिम्म. "केसभर म्हणजे काय? कुणाच्या केसाएवढं?" असं ते साहेबालाच विचारायचे.

आणि हाच तपासनीस रोज दोन वेळा ताटावर बसायचा.

काकांच्या ताटात पास झालेले पदार्थ हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. वरण, भात, पातळ पोळी, मोहरी न घातलेली बटाट्याची पिवळी भाजी आणि दही. केळं चालायचं, पण डाग पडलेलं नाही. बाकी सगळी सृष्टी रिजेक्ट. कारणं ऐकण्यासारखी असायची. भेंडी का नाही? "त्याला ग्रीस लागलेलं असतं." शेवग्याची शेंग? "जेवायला बसलोय का सुतारकामाला?" मेथी? "गवत." कारलं? "ज्यानं पहिल्यांदा खाल्लं त्याच्यावर काय वेळ आली असेल!" भाकरी घशात अडकते, ठेच्यानं कान वाजतात, आमटीत खोबरं आलं की दाताखाली भुसा आल्यासारखं होतं. लग्नाला गेले तर खिशात केळं घेऊन जायचे आणि पंगत बसली की मांडवामागं उभं राहून खायचे. पण वांग्याची गोष्ट वेगळी होती. वांग्याबद्दल ते विनोद करत नसत. नुसतं नाव निघालं तरी ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

सुरुवातीला मला या सगळ्याची मजा वाटायची. मी मुद्दाम विचारायचे, "काका, आईनं गावाहून गवार धाडली आहे, देऊ का थोडी?" ते हात जोडायचे. मी ही गंमत शाळेत जाऊन सांगायचे, सगळ्या बाया पोट धरून हसायच्या. मग एका संध्याकाळी काकू गच्चीवर आल्या आणि माझं हसणं बंद झालं.

त्या दिवशी वारा बरोबर दिशेचा होता. मी शेगडी पेटवून वांगं भाजायला ठेवलं होतं. काकू माझ्याशेजारी पाटावर बसल्या, वांग्याची साल तडकायला लागली तसा त्यांनी खोल श्वास घेतला. म्हणाल्या, "माझ्या आईच्या हातचं भरीत असंच. कन्नडच्या बाजाराची जाड वांगी, वरून कच्चा कांदा, कच्चं तेल. ह्या घरात आल्यापासून मी वांगं शिजवलं नाही बघ. एकदाही नाही."

मी भाकरीवर भरीत वाढून दिलं. त्या इतक्या मन लावून खात होत्या की मला बोलवेना. खाऊन झाल्यावर त्याच म्हणाल्या, "आई शेवटची आजारी होती ना, तेव्हा मी सकाळच्या एसटीनं कन्नडला जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. ह्यांचं वरण लावायला. आई म्हणायची, आज तरी राहा गं. मी म्हणायची, उद्या येते ना. एक दिवस तशीच निघाले. घरी आले, कुकर लावला. शिट्टी व्हायच्या आत शेजारी फोन आला, आई गेली म्हणून. ती गेली तेव्हा मी वेरूळच्या घाटात असेन."

मी विचारलं, "काका जाऊ नको म्हणायचे?"

"नाही गं. ह्यांनी कधीच अडवलं नाही. अडवावं लागलंच नाही त्यांना." मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तो कुकर उतरवून, ह्यांना वाढून मग गेले मी परत."

मला काकांचा तेव्हा असा राग आला की दोन दिवस मी जिन्यावरून जाताना त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना काही पत्ताच नव्हता. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, घसा बसलाय का?"

त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. संक्रांतीच्या सुमाराला तिची गोड बातमी आली आणि घरात आनंदाच्या जोडीनं एक अडचण येऊन बसली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण कुठल्या माहेरी? नळ आठवड्याचा. बाळंतिणीची रोजची गरम पाण्याची आंघोळ, तान्ह्याची आंघोळ, लंगोट-दुपट्यांचे ढीग. टँकरच्या पाण्यानं बाळ न्हाऊ घालायचं का? गल्लीतल्या दोन मुली त्या वर्षी सासरीच बाळंत झाल्या आणि त्यांच्या आया बोचकी बांधून तिकडं गेल्या. काकूंच्या मुलीला सासू नव्हती. म्हणजे काकूंनी जायचं हे उघड होतं.

मुलीचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. काका जेवत होते. मुलगी म्हणाली, "आई, तू किती दिवस राहशील?"

काकूंनी काकांच्या ताटाकडं पाहिलं. "बघू. आठेक दिवस तरी राहीन."

 मग मुलगी हळूच म्हणाली, "आठ दिवस? बाबांच्या वरणासाठी का?" आणि वर, "आजीच्या वेळेसारखं?"

काकूंनी फोन उचलून कानाला लावला आणि आत गेल्या. काकांच्या हातातला घास हातातच राहिला. तो त्यांनी ताटात ठेवला. त्या माणसानं ताटातलं अन्न टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. काकू बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "तू तीन महिने राहून ये. मी माझं बघतो."

"काय बघता?" काकू म्हणाल्या.

काकांनी आधी सोपा उपाय करून पाहिला. स्वतःच वरण-भात लावायला शिकले. पाणी मापून, डाळ तोलून, शिट्ट्या मोजून सगळं बिनचूक केलं. पहिला घास घेतला आणि स्वतःच केलेलं वरण स्वतःच रिजेक्ट केलं. "तिच्यासारखं नाही," एवढंच म्हणाले. डबा लावून पाहिला, डबेवाल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी हात टेकले. मग ते दिवसभर गच्चीवर फेऱ्या घालत राहिले आणि संध्याकाळी खाली येऊन जाहीर केलं, "आता मी सगळं खायला शिकणार. पुण्याला जायच्या आधी तुला माझी काळजी उरली नाही पाहिजे."

काकू पोळी लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"जिवंतपणीच घालवून दाखवतो," काका म्हणाले.

मला खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस दुधी खायला शिकतो म्हणजे काय! पण काकांनी ते असं धरलं की जणू कारखान्यात नवीन यंत्र आलंय. त्यांची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच भाजी. ती पास झाल्याशिवाय दुसरी नाही. पहिल्या दिवशी नुसती ताटात वाढून बघायची. दुसऱ्या दिवशी वास घ्यायचा. मग जिभेला लावायची, मग एक घास, मग ताटभर. आणि एकदा पास झालेली भाजी पुन्हा नाकारायची नाही.

पूर्वी कधी पाहुण्यांपुढं नाइलाजानं काही खावं लागलं तर ते घासामागून पेलाभर पाणी ढकलायचे. ती वाट आता बंद होती. पिण्याच्या पाण्याची कळशी काकूंच्या ताब्यात होती, आणि त्या जेवताना एकच पेला द्यायच्या. तो पेला काका शेवटपर्यंत समोर ठेवून त्याच्याकडं बघत चावायचे. चावत राहायचे. दुधी इतका वेळ चावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. घास उतरला की कपाळावरचा घाम पुसून म्हणायचे, "गेला."

वास घ्यायचा अभ्यास ते मंडईतही करायचे. एकदा मी बरोबर होते. काकांनी मेथीची जुडी उचलली, डोळे मिटले आणि नाकाशी धरून उभे राहिले. हटेनातच. भाजीवाली म्हातारी बघत राहिली आणि मग म्हणाली, "अवो मालक, घ्यायची हाय का नुसती हुंगायची हाय? शेळी बी एवढा इचार करत नाय."

काका म्हणाले, "शेळीला रिजेक्ट करायची सवय नसते, आजी."

"मंग तिच्याकडनंच शिका की," म्हातारी म्हणाली. काकांना ते इतकं पटलं की त्यांनी जुडी घेतली आणि घरी येईपर्यंत तेच बोलत होते.

उन्हाळा चढला तसा ताटात एकेक पदार्थ वाढत गेला. दुधी झाला, मेथी झाली. भेंडी कारखान्यातल्या मापाच्या व्हर्नियर पट्टीनं मापून झाली, कोणत्या जाडीची भेंडी कमी चिकट असते याचा त्यांनी शोध लावला आणि तो काकूंना सांगितला. काकूंना तो लग्नाआधीपासून माहीत होता. कारलं खाल्लं त्या दिवशी ते संध्याकाळभर खाटेवर पडून होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटावर. भाकरी शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझी आई एकदा पिशोरहून आली होती, तिनं त्यांना सांगितलं, "भाऊ, भाकर पोळीवाणी खायची नसती. कुस्करा, कालवा, हातानं खावा. लई नाजूक माणूस हायसा तुम्ही." काकांनी कुस्करली. भाकरी गेली. आईला त्यांनी वाकून नमस्कार केला, ती लाजून चूर.

काकू हे सगळं बघायच्या. वाढायच्या आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "हे जमत होतं बघ. आधीच जमलं असतं." त्या खूश आहेत का रागावल्यात हे मला कळलं नाही. दोन्ही असावं.

उरलं वांगं.

काकांना ते काकूंसमोर शिकायचं नव्हतं. "तिच्यासमोर फेल होणार नाही," ते म्हणाले. म्हणून ते कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडं गेले. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, राहायचे रोशन गेटाकडं. यंत्रावर पुर्जे बनवणारा पक्का कारागीर माणूस, आणि काकांनी ज्यांचे पुर्जे सगळ्यात जास्त वेळा परत धाडले तेही हेच. चाचींच्या हातचे बघारे बैंगन नामी. शेंगदाणे, तीळ, चिंचेच्या दाट रश्श्यात अख्खी लहान वांगी. चाचांचं म्हणणं, "साब, उसमें बैंगन का पता बी नै चलता." काकांनी साक्षीदार म्हणून मला बरोबर नेलं.

रविवारची दुपार होती. चाचींनी जेवणासाठी दस्तरखानाची चादर अंथरली, आमच्यापुढं ताटल्या ठेवल्या आणि दाराशी बसल्या. माझ्या तोंडाला तर पाणी सुटलं होतं. काकांनी बघणं आणि हुंगणं आधीच्या भेटीत उरकलं होतं. त्यांनी वांग्याचा तुकडा तोडला, तोंडात घातला, एकदा चावला. मग त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी रुमाल काढला, घास त्यात टाकला आणि उठले. हात न धुता, उंबऱ्यातल्या चपलांत पाय घालून जिना उतरून गेले. चाची ताटलीकडं बघत बसल्या. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी माझी ताटली साफ केली, चाचींची माफी मागितली आणि निघाले.

घरी काका कोपऱ्यात बसलेले. रात्री जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही. तिला म्हणावं, आठ दिवसांनी ये परत."

मी म्हटलं, "एका वांग्यासाठी? बाकी सगळं खाता की आता."

"तिच्या आईचं ते होतं," काका म्हणाले. "ते मला जमलं नाही तर बाकीचं सगळं नुसतं पोट भरणं आहे." तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून.

दुपारी दारात स्कूटर थांबली. चाचा आले होते, हातात डबा. काकू वर गच्चीवर पापड वाळत घालत होत्या, ते बरंच झालं. काका उठून उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "चाचा, भाभी को मैंने बहोत..."

चाचांनी त्यांना बोलूच दिलं नाही. "क्या साब, तुम तीस साल मेरे पुर्जे वापस करे, मैं बुरा माना क्या? घिस के फिर लाया ना? एक एक पुर्जा चार चार बार लाया. अब तुम्हारी बारी आयी तो एक बार में बैठ गये? चलो. वो बोली, उनकू खाली पेट बिठाओ, और बोलना, फिर से लो."

 काकांनी डबा घेतला, जमिनीवर मांडी घातली आणि उघडला. पहिला घास आत गेला तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, माझी बोटं दुखायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं. पण तोंड उघडलं नाही. चावलं, चावलं, आणि गिळलं. चाचा म्हणाले, "अब दुसरा." काकांनी दुसरा घेतला. त्यानंतरचे कित्येक रविवार ते रोशन गेटाकडं जात राहिले, आणि चाचींनी दरवेळी वांग्याचा आकार थोडा वाढवला.

आषाढ लागला तरी पाऊस नावाला. काकूंची बॅग भरून झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी पिशोरहून जीपनं माझ्या आईनं पिशवी धाडली. विहिरीच्या तळात उरलेल्या पाण्यावर तिनं वांग्याची काही झाडं जगवली होती, त्यांची चार जाड वांगी. मी ती नेहमीसारखी गच्चीवर न्यायला निघाले तर काकांनी जिन्यात अडवलं. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवली.

"इथं भाज," ते काकूंना म्हणाले. "तुझ्या आईसारखं कर. मला वाढ."

 काकूंनी गॅस पेटवला. त्या घरात पहिल्यांदा भाजलेल्या वांग्याचा वास सुटला, खिडक्या बंद असताना. काका जागचे हलले नाहीत. काकूंनी साल काढली, कांदा, मिरची, कच्चं तेल घातलं, भाकरी केली आणि एकच ताट वाढलं. मी जायला निघाले तर काकू म्हणाल्या, "थांब तू."

काकांनी भाकरी कुस्करली. भरिताला आकार नसतो, मापायला काही नसतं. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा. पाण्याचा पेला भरलेला तसाच होता. काकू त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हत्या, ताटाकडं बघत होत्या, ते कसं रिकामं होत जातं ते. सगळं संपल्यावर काकांनी बोटानं ताट पुसलं.

काकू म्हणाल्या, "आवडलं?"

बाकी कुणीही हो म्हटलं असतं. पण हा माणूस जन्मात खोटी सही करणारा नव्हता. ते म्हणाले, "नाही." आणि मग, "डेव्हिएशनवर घेतलं."

तीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिलेल्या बाईला त्या शब्दाची किंमत माहीत होती. काकू मटकन खाली बसल्या. रडत होत्या का हसत होत्या, पदराआड कळेना. थोड्या वेळानं तोंड पुसून म्हणाल्या, "माझ्या आईच्या वेळेला नाही घेतलंत."

"नाही घेतलं," काका म्हणाले. "ते आता परत येत नाही. तू पोरीकडं पाहिजे तितके दिवस राहा. मागं वळून बघायचं नाही."

काकूंनी ताट उचललं आणि त्यात स्वतःला भरीत वाढून घेतलं. त्याच उष्ट्या ताटात.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीपाशी काका उभे, बॅगा वर ठेवून झालेल्या. काकूंची एक सवय होती, घराबाहेर पडताना, मग ते मंगळागौरीला जाणं असो की दवाखान्यात, त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "वरण झाकून ठेवलंय." गाडी सुरू झाली तशी सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "अहो, वरण..." आणि त्या थांबल्या. घरी काहीच झाकून ठेवलेलं नव्हतं. त्या खिडकीतून माझ्याकडं बघून खुदकन हसल्या, अगदी मुलीसारख्या, आणि गाडी वळली.

काका गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात वर धरून उभे होते. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला, आम्ही रिक्षा केली. क्रांती चौक आला तसा त्यांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. कडेनं खाण्याच्या गाड्यांची रांग लागलेली, कढया उकळत होत्या, दुपारची गर्दी. काका उतरले, नाक वर करून एकदा वास घेतला आणि मला म्हणाले,

"चल. मला न आवडणारं काहीतरी शोध."